बिननावाचा पुकारा

माझा आवाज मोठा. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. यवतमाळच्या कचेरीत मी पट्टेवाला होतो आणि माझं काम पुकाऱ्याचं. ज्याची तारीख असेल त्याचं नाव दारात उभं राहून तीनदा ओरडायचं. माझ्याआधीचा पट्टेवाला ओरडला की व्हरांड्यात झोपलेलं कुत्रंही मान वर करत नसे. मी ओरडलो की रस्त्यावरचे टांगेवाले घोडे आवरायचे. आमचे हेडक्लार्क पुंडलिकराव कानात बोट घालून म्हणायचे, "घनश्याम, हळू बाप्पा! लोक व्हरांड्यात हायेत, वणीले नाई."

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या आईचा होता आणि तिचा सगळा विश्वास मलाच ऐकावा लागायचा. ती म्हणायची, भर बारा वाजता कोणाला नाव न घेता हाक मारू नये. नाव घेतलं की ज्याचं नाव तोच ओ देतो. नाव घेतलं नाही की कोणीही ओ देतं. मी हसायचो. पोटापाण्यासाठी रोज बारा वाजताच ओरडणाऱ्या माणसानं असल्या गोष्टी मनावर घेतल्या तर त्यानं खायचं काय?

अठ्ठावन्न सालची गोष्ट. आपला भाग मुंबई राज्यात गेला त्याला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचे तिघं दारात येऊन उभे राहिले. पुढं तांड्याचे नाईक हरिसिंग, लाल पागोटं बांधलेले. मागं पूनमसिंग नावाचा एक उंच माणूस, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. आणि दोघांच्या मधे त्याची बायको हंसाबाई. आरशांचा फेटिया घागरा, कांचळी चोळी, कपाळावर ओढणीची टुकरी आणि डोक्यावर गोधडीत गुंडाळलेलं एक मडकं.

ते मडकं तिनं पुंडलिकरावांच्या टेबलावर ठेवलं आणि हात झटकले.

"वावरात सापडलं," ती म्हणाली. "सरकारनं ठेवून घ्या."

पुंडलिकरावांनी गोधडी बाजूला केली आणि खुर्चीतून अर्धे उठले. मडक्यात चांदी होती. रुपये, गळ्यातली हासळी, बाजूबंद, केसांत लावायच्या घुगऱ्या. काळी पडलेली, पण चांदीच. आता जमिनीत धन सापडलं तर सरकारात कळवायचं असा कायदा आहे, हे खरं. पण तो कायदा पाळायला कोणी आपल्या पायांनी आलेलं पुंडलिकरावांनी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. सापडलेलं धन लोक चुलीखाली पुरतात, सोनाराकडे आटवतात, मेव्हण्याच्या घरी नेऊन ठेवतात. कचेरीत कोण आणतं?

"काहून आनलं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

उत्तर नाईकांनी दिलं. ते शांतपणे, न्यायनिवाडा सांगावा तसं बोलले. "साहेब, पुरलेल्या धनाले दोष असते. जो उचलते त्याच्या घरी माती होते. पन सरकारले ना बायको, ना लेकरू. सरकारचं काय वाकडं होईन? चार महिने सरकारच्या पेटीत राह्यलं की दोष तिथंच सांडन. मंग कोनी मालक निघाला नाई तं सरकार हिलेच देईन. कायदाच हाय ना तसा?"

कायदा तसाच होता. नोटीस काढायची, मालकाला हजर व्हायला तारीख द्यायची, आणि त्या दिवशी कोणी आलं नाही तर धन बेवारशी ठरवून जिला सापडलं तिला द्यायचं. पण दोष धुऊन काढायला ट्रेझरीचा असा उपयोग कोणाच्या डोक्यात आला नव्हता. मला इतकं हसू आलं की मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

परत आलो तर हंसाबाई जमिनीची हकिगत सांगत होती. भूदानात त्यांना पडीक जमीन मिळाली होती. पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणारे हे लोक. आजाकडे बैलांचे कळप होते म्हणे, आणि नातवाकडे एक बैल नाही. जमीन मिळाली ती निव्वळ गोटाळी. अट अशी की येत्या मृगाला पेरणी झाली पाहिजे, नाही तर जमीन परत. दोघं नवरा-बायको हातांनी दगड वेचत होते. त्यातच एका चपट्या दगडाखाली हे मडकं निघालं.

"बैलजोडी आली पाहिजे साहेब, मृगाच्या आत," ती म्हणाली. "बाकी मले काई नको. जमीन राह्यली पाहिजे."

पूनमसिंग पहिल्यांदाच बोलला. "मी म्हनलं होतं, गप राहू. गप राह्यलो असतो तं आज बैल दावनीले असते."

"अन् दोष?" ती म्हणाली.

"दोष बैलायनं वाहला असता."

पंचनामा झाला, मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं, लाखेची मोहर केली आणि ते ट्रेझरीच्या आतल्या खोलीत गेलं. तारीख पडली वैशाखातली.

आता ट्रेझरीचं सांगतो. तिथला पहारेकरी बाबूसिंग, मिशा पिळदार आणि अक्कल बेताची. आठवड्याभरातच तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आतल्या खोलीत दुधाचा वास येतो. मी म्हटलं, तूच लोटा लपवून ठेवला असशील. तो रागावला. मग मी स्वतः गेलो. जाड भिंती, लोखंडी दार, वर एक हातभर झरोका. आणि खरंच वास होता. तापवलेल्या दुधाचा नव्हे. तान्ह्या लेकराच्या तोंडाला येतो तसा, आंबूस, कोमट. ज्यानं घरात लेकरू खेळवलं आहे त्याला तो चुकत नाही.

"मांजर व्याली असन," मी म्हटलं.

"झरोक्याले जाळी हाय," बाबूसिंग म्हणाला.

आम्ही दोघांनी पेट्या हलवून पाहिल्या. मांजर नव्हती. मडक्याची मोहर जशीच्या तशी होती. फक्त मडक्याखालची फरशी ओली होती. हात लावून पाहिलं तर चिकट. मी धोतराला हात पुसला आणि बाबूसिंगला चुना मारून घ्यायला सांगितलं. भिंतीला ओल आली की असं होतं, असंही सांगितलं. त्या दिवसांत थेंबभर पाऊस झालेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

हंसाबाई महिन्या-दीड महिन्यानं मोटारीनं यायची. कागदाचं काही विचारायची नाही. व्हरांड्यात उकिडवी बसायची आणि मला म्हणायची, "धन शांत हाय का, दादा?"

मला असल्या प्रश्नांचा राग यायचा. "शांत नाई तं काय भजन करीन?" मी म्हणायचो. वासाचं मी तिला कधी सांगितलं नाही. ती ऐकून घ्यायची, फडक्यातल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढं करायची आणि उठून जायची. बाई चांगली होती. तिची बैलजोडी व्हावी असं मलाही वाटायला लागलं होतं. एकदा तर मी तिला बाजारात नेऊन बैलांचे दातही कसे पाहायचे ते सांगायला लागलो. मी कुणब्याचा, आणि ती लमाणांची लेक. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग इतकी हसली की मला गप्प बसावं लागलं.

तारखेच्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. डेप्युटी साहेब नवे होते, पुण्याकडचे, तरुण. कॉलर ओली झालेली, पण कोट काढायचे नाहीत. मडकं त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. समोर हंसाबाई आणि पूनमसिंग. नाईकांना ताप होता म्हणून ते आले नव्हते.

भिंतीवरचं घड्याळ बाराला आलं तेव्हा साहेब म्हणाले, "पुकारा करा."

मी दारात गेलो आणि तिथंच अडलो. परत फिरून पुंडलिकरावांना विचारलं, "नाव काय घेऊ?"

"नाव नाई. धनाचा मालक हजर हो, म्हन."

"नाव नाई, गाव नाई, मंग हाक कोनाले मारू?"

"अबे, कोनी येनार नाई. तू मार अन् मोकळा हो."

आईची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. पण सरकारी हुकमापुढं आई काय करणार? मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "राळेगाव तालुक्यात सापडलेल्या धनाचा जो कोनी मालक असन तो, हाऽजिर हो!"

व्हरांड्यात माणसं बसली होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी पदरानं वारा घेत होतं. दुसऱ्यांदा ओरडलो. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता तो थांबला. तिसऱ्यांदा ओरडलो, आणि माझा आवाज मला समोरून परत आल्यासारखा वाटला नाही. एरवी तो समोरच्या भिंतीवर आपटून येतो. त्या दिवशी तो गेला तो गेलाच. कुठं तरी लांब जाऊन पोचला.

"आवूं छूं," माझ्या कोपराशी कोणी तरी म्हणालं. येते आहे, असं.

बाजूला एक म्हातारी उभी होती. पायऱ्या चढताना मी तिला पाहिलं नव्हतं. लमाणांचाच पोशाख, पण असा की मी आधी कधी पाहिला नव्हता. जाड, मातकट, आरसे नसलेला. हातात कोपरापर्यंत हस्तिदंती चूड. बाकी अंगावर फुटका मणी नाही. नाकाला, कानांना भोकं होती, ओघळून मोठी झालेली, आणि सगळी रिकामी. मी पहिल्यांदा तिचे पाय पाहिले. सरळ होते. घोट्यापर्यंत पांढरी धूळ होती. फार लांबून चालत आलेल्या माणसाचे असतात तसे.

ती माझ्या अंगावरून आत गेली तेव्हा तो वास आला. ट्रेझरीतला.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"रामी."

"हे धन तुमचं?"

"माहं नाई," ती म्हणाली. "मार छोरार छ. माह्या लेकराचं हाय."

पूनमसिंग उठला होता. हंसाबाईनं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? मडक्यात काय काय आहे ते सांगता येईल का?

म्हातारी मडक्याकडं न पाहता सांगू लागली. हासळी, बाजूबंद, घुगऱ्या, रुपयांचा हार तुटलेला. पुंडलिकराव पंचनामा पाहत मान हलवत होते. पण हा पंचनामा कचेरीत चौघांनी वाचलेला होता, कोणाकडून तरी बाहेर गेला असेल, असं साहेबांना वाटलं असावं. ते म्हणाले, "आणखी काही?"

"तळाशी कवडी हाय. मोठी. दोऱ्यात ओवलेली. दात येऊन राह्यले होते त्याले. तेच चावे."

पंचनाम्यात कवडी नव्हती. साहेबांनी मोहर फोडायला सांगितली. मी मडकं टेबलावर पालथं केलं. चांदी खळखळून पडली. कवडी नव्हती. मी बोटं घालून तळाची वाळलेली माती खरवडली. ढेकूळ निघालं. ते फोडलं आणि आत कवडी होती. दोरा कुजून गेला होता. एका कडेला ती झिजून गुळगुळीत झाली होती.

पुंडलिकरावांनी पंचनाम्यात कवडीची ओळ वाढवली.

"हे तुम्ही जमिनीत का पुरलं?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता कचेरीतला राहिला नव्हता.

"लेकरू पुरलं," म्हातारी म्हणाली. "आमच्यात बिनलग्नाचं जाळत नाई. रातच्याला गेलं. पहाटं तांडा उठला. मीठ घेऊन पुढं जायचं होतं, बैल लादले होते. एका लेकरासाठी हजार बैल थांबत नाई. मी म्हनलं, हे एकटं कसं राहीन? याले रातच्याला जाग येते. मंग अंगावरचं सारं काढलं अन् त्याच्या उशाशी ठेवलं. माहा वास राहीन त्याच्यापाशी, म्हनून."

"कोणत्या साली?"

"साल मले काय माहीत? रेल नोती."

साहेबांनी एक रुपया उचलला, खिडकीकडं धरला, ठेवला. दुसरा उचलला. मग पुंडलिकरावांकडं दिला. एकाही नाण्यावर राणी नव्हती. भोसल्यांच्या वेळचे रुपये, फारसी अक्षरांचे. आपल्याकडं रेल्वे आली ती आमच्या आजाच्या लहानपणी. म्हणजे समोर उभी असलेली बाई निदान शंभर-सव्वाशे वर्षांची. साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि कागदावर लिहिलं, मी मागून वाचलं: वय अदमासे ऐंशी. शिकलेल्या माणसाचं हेच बरं असतं. भीती वाटली की ती अदमासे लिहिता येते.

मलाही भीती वाटत होती. ट्रेझरीतली ती चिकट फरशी डोळ्यांपुढं आली आणि धोतराला पुसलेला हात मी पुन्हा पुसला.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्हाला ओळखणारं कोणी आहे? तुम्ही रामीबाईच आहात, असं सांगणारं?"

"होते. सारे पुढं गेले."

"कोणी तरी ओळखल्याशिवाय मला दावा मानता येणार नाही. ओळख पटली आणि या हंसाबाईंची हरकत नसली, तरच धन परत देता येईल. नाही तर ते बेवारशी ठरेल."

पुंडलिकराव हंसाबाईकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "तू काईच करू नको. गप बस. कोनी ओयखनार नाई. संध्याकायपर्यंत धन तुयं हाय."

खरंच होतं ते. तिला खोटं बोलायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. बैलजोडी टेबलावर पडलेली होती, राळेगावची जमीन टेबलावर पडलेली होती. मला मनातून तेच हवं होतं. ती म्हातारी जावी, वास जावा, दारं उघडावीत आणि या बाईनं चांदी पदरात बांधून घरी जावं. मेलेल्याला चांदीचं काय करायचं आहे?

"पुकारा करा," साहेब मला म्हणाले. "हिला ओळखणारं कोणी आहे का?"

मी ओरडलो. आवाज बसला होता. व्हरांड्यातल्या कोणी मान वळवली नाही. दुसऱ्यांदा ओरडलो. म्हातारी दाराकडं पाहत होती. मेळ्यात हरवलेलं पोर जसं येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहतं तशी. कोणी तरी येईल असं तिला वाटत असावं. तिसऱ्यांदा ओरडलो. कोणी आलं नाही.

म्हातारीनं मान खाली घातली. टेबलावरची कवडी उचलायला तिनं हात पुढं केला आणि साहेबांकडं पाहून मागं घेतला. सरकारचा माल होता ना तो.

"मी ओयखतो हिले," हंसाबाई म्हणाली.

पूनमसिंगनं कपाळावर हात मारला. "हंसे! तुले वेड लागलं काय?"

"कोण लागते ती तुमची?" साहेबांनी विचारलं.

"याडी," हंसाबाई म्हणाली. म्हणजे आई.

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"आता ओयखलं."

"शपथेवर सांगता? खोटं ठरलं तर शिक्षा होईल. आणि धन गेलं तर तुम्हाला एक पैसा मिळणार नाही."

"समजलं मले. हरकत नाई माही."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं, असं मला आजही वाटतं. पण त्यांनी टाक उचलला आणि भराभर लिहिलं. मी शाईची गादी पुढं केली. म्हातारीचा अंगठा हातात धरला तो उन्हात तापलेल्या दगडासारखा गरम होता. मला तर तो थंड असेल असं वाटलं होतं. कागदावर दाबला. अंगठा उठला, पण त्यात एकही रेघ नव्हती. निव्वळ काळा ठिपका. जन्मभर कष्ट केलेल्या बायांचे अंगठे झिजतात, मी असे बरेच पाहिले होते. पण त्यांच्यात कुठं तरी एखादी रेघ सापडते.

तिनं चांदी एक एक करून मडक्यात भरली. कवडी शेवटी ठेवली, वर, हाताशी येईल अशी. मडकं कडेवर घेतलं. हंसाबाईजवळ ती थांबली आणि तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग बाहेर गेली.

मी मागोमाग धावलो. व्हरांड्यात दाटी होती. तिला वाट देण्यासाठी माणसं पाय आखडत होती, पण एकानंही वर पाहिलं नाही. पायऱ्या उतरेपर्यंत मला ती दिसत होती. फाटकाशी टांगेवाला उभा होता. मी त्याला विचारलं, म्हातारी कोणीकडं गेली?

"कोन म्हातारी?" तो म्हणाला. "तूच धावत आला अन् काय."

त्या दिवसापासून ट्रेझरीतला वास गेला. पुंडलिकराव आठ दिवस रजेवर गेले. डेप्युटी साहेबांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

पण राग माझ्या मनातून जाईना. म्हातारीवर नव्हे, हंसाबाईवर. मृग लागल्यावर एक समन्स घेऊन मी राळेगावला गेलो. काम झाल्यावर तिथल्या पोस्टमनची सायकल मागून घेतली आणि तांडा गाठला. त्यांची जमीन लांबूनच ओळखू आली. पूनमसिंग जू खांद्यावर घेऊन पुढं ओढत होता आणि हंसाबाई मागं वखर दाबत होती. बैलांच्या जागी माणूस. अर्धी जमीन पेरून झाली होती, अर्धी उघडी होती. भूदानवाले पाहून गेले होते. जेवढी पेराल तेवढी तुमची, पडीक राहील ती परत, असं सांगून गेले होते. आणि पाऊस अंगावर येऊ घातला होता.

पेरलेल्या तुकड्याच्या मधोमध त्यांनी एक जागा सोडली होती, खाटेएवढी. तिथं एक चपटा दगड होता.

"हाच ना तो दगड?" मी विचारलं.

"हाच," हंसाबाई म्हणाली. "मी उकरून बांधावर फेकला होता. तारखेहून आलो तं जागेवर होता. माती बी दाबलेली. आमी हात नाई लावला."

तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. पूनमसिंग माझ्याशी बोलला, रामराम केला. पण तिच्याकडं पाहून तो एक शब्द बोलत नव्हता. जू, दोर, वखर, सगळं खुणेनं चाललं होतं. तारखेच्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, असं तिनंच सांगितलं. पूनमसिंग जू टाकून आमच्याकडं पाठ करून बसला.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "कायले केलं असं? जित्या मानसाचं पाहाव का मेल्याचं? ते तुयी कोनी नोती. तुले फक्त गप बसायचं होतं. अर्धी जमीन चालली तुयी, बाई!"

ती खाली बसली. हातातलं ढेकूळ चुरत राहिली. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"दादा, लगन झाल्यावर आमी वणीच्या रस्त्यावर गिट्टी फोडाले गेलतो," ती म्हणाली. "पोरगी तिथंच झाली अन् तिथंच गेली. रस्त्याच्या कडंले पुरली. दुसऱ्या दिशी मुकादमानं गँग पुढं नेली. याले बोललो मी, एक दिस थांबू. हा म्हने, रोजी जाईन. गेलो मंग. तिच्यापाशी ठेवाले माह्या अंगावर काईच नोतं."

पूनमसिंगची पाठ हलली नाही.

"आता तो रस्ता रुंद करून राह्यले म्हनते. उद्या तिथं कोनी खनलं, अन् कचेरीतून हाक आली, तं मी जाईन. मेलेली असन तरी जाईन. मी उभी राहीन तुमच्या त्या साहेबापुढं, अन् तू बाहीर तीनदा ओरडशीन." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मले ओयखाले कोन येईन, दादा?"

मी तांब्या खाली ठेवला.

पूनमसिंग उठला. त्यानं तोंडावरून हात फिरवला, जू खांद्यावर घेतलं आणि इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलला.

"मी येईन," तो म्हणाला. "चाल, धर वखर. आभाय भरून राह्यलं."